दर्या, दऱ्या आणि न दिसणारा सांधा

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. बोलताना हा फरक जिभेला आपोआप कळतो. 'दर्या' म्हणताना र मागच्या द ला जाऊन टेकतो आणि द वर आघात येतो. 'दऱ्या' म्हणताना र पुढच्या य ला हलकेच जुळतो, द मोकळाच राहतो. 'आचार्यांना जेवायला बसवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बसवा' ही दोन वेगळ्या माणसांबद्दलची वाक्यं आहेत. लिहिताना हा फरक दाखवायला मराठीकडे दोन खुणा आहेत: डोक्यावरचा रफार आणि पापणीसारखा आडवा र. हिंदीला ही दुसरी खूण लागत नाही. नागपुरात याचं महत्त्व जास्त, कारण इथल्या दुकानांतले फॉन्ट, फोनवरचे कळफलक आणि टायपिंगच्या सवयी बऱ्याचदा हिंदीकडून आलेल्या असतात. त्या वाटेवर पहिल्यांदा सांडतो तो हा पापणीचा र.

यंत्राच्या पोटात काय होतं ते पाहू. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत. तिच्यात देवनागरीला १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. साधा र ०९३० वर आहे आणि खाली टिंब असलेला ऱ ०९३१ वर. 'दऱ्या' नीट साठवायचा तर क्रम असा: द, ऱ, पाय मोडायची खूण म्हणजे हलन्त, मग य, मग काना. पण पडद्यावर हुबेहूब तसंच दिसणारं आणखी दोन प्रकारे लिहिता येतं. एकात साधा र, हलन्त, आणि मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह येतं. रुंदी शून्य, काम फक्त सांधायचं. याला आपण सांधा म्हणू. दुसऱ्यात साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही 'दऱ्या' सारखेच दिसतात. युनिकोडचे एकरूपीकरणाचे नियम नुक्तावाल्या प्रकाराला पहिल्या प्रकारात मिळवून घेतात. सांध्यावाला प्रकार मात्र कायम परका राहतो.

दोनशे पानांच्या मजकुरात 'दुसऱ्या' शोधलं आणि निम्मेच सापडले, तर कारण बहुधा हेच असतं. यापेक्षा वाईट प्रकार पुढे आहे. काही संकेतस्थळं आणि फॉर्म सुरक्षिततेसाठी न दिसणारी चिन्हं गाळून टाकतात. सांधा गळला की र चा रफार होतो. मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं आणि दऱ्यांचा समुद्र होतो. आंतरजालावर 'दुसर्या' इतक्या वेळा दिसतं की लोक त्याला लिहिणाऱ्याचं अज्ञान समजतात. पुष्कळदा लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिलेलं असतं, वाटेत सांधा गळालेला असतो.

आपल्या मजकुरात कोणता प्रकार आहे हे कुठल्याही साधनाशिवाय ओळखता येतं. 'दऱ्या'च्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. आधी काना जाईल, मग य. खाली टिंब असलेला 'दऱ' शेवटी उरला तर मजकूर नीट आहे. टिंबाशिवाय नुसता 'दर' उरला तर आत सांधा होता. दुरुस्तीसाठी य पुसल्यावर जो आडव्या र चा तुकडा उरतो तोच कॉपी करून 'शोधा'च्या चौकटीत चिकटवा, 'बदला'च्या चौकटीत ऱ आणि हलन्त लिहा, आणि एकदम सगळे बदला. एकच पथ्य पाळा: मजकुरातले सगळे सांधे सरसकट काढू नका. काही जण क आणि ष वेगळे दाखवायला सांधा मुद्दाम वापरतात, आणि र जवळचे सांधे काढले तर वर सांगितलेला अपघात आपणच घडवून आणतो.

मुळातच चूक होऊ नये म्हणून इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा, असं माझं ठाम मत आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की तो मिळतो आणि विंडोजची कळ व स्पेसबार दाबून अदलाबदल होते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण शिफ्टसह त्याच कळीवर, म्हणजे के वर क आणि शिफ्ट-के वर ख. 'दर्या' लिहायला ओ, जे, डी, स्लॅश, ई. 'दऱ्या' लिहायला ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. फरक एका शिफ्टचा. जिभेवर र जिथे वेगळा होतो, बोटांवरही तो नेमका तिथेच वेगळा होतो. ल एन वर आहे आणि ळ शिफ्ट-एन वर. विसर्गासाठी शिफ्ट आणि उणे चिन्हाची कळ. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविराम टाकायची सवय मोडावी. डोळ्यांना दोन टिंबंच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते विरामचिन्ह असतं, शब्दातलं अक्षर नव्हे.

वेदान्तात नाम आणि रूप अशी जोडी सांगतात. संगणकावरच्या अक्षराला ती चपखल बसते. कोड हे अक्षराचं नाम, फॉन्टने काढलेला आकार हे त्याचं रूप. 'दऱ्या'त रूप एक आणि नामं तीन. याच्या उलट उदाहरण ल आणि श चं. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा दांडीचा ल यांचा कोड एकच आहे, श चंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. यासाठी वेगळं अक्षर शोधायची गरज नाही. दोन्ही रूपं असलेला फॉन्ट घ्यायचा आणि मजकुराची भाषा हिंदी नव्हे तर मराठी ठेवायची. लिबरऑफिससारख्या कार्यक्रमात रूप आपोआप पालटतं. भाषेचं खातं 'हिंदी'वर राहिलं तर लाल रेघांचाही पाऊस पडतो, कारण वर्तनी-तपासनीस 'आहे'ला चूक समजतो.

ॲ ची गोष्ट या दोन्हींच्या मधली. हे अक्षर ०९७२ या जागेवर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र ठेवत. आजही 'ॲप'मधला ॲ एका कोडचा आणि 'अॅप'मधला दोन कोडांचा असे दोन्ही सर्रास चालतात, दिसतात सारखे, आणि कोणतंही एकरूपीकरण त्यांना एक मानत नाही. ए वर चंद्र दिलेला 'ऍप' तिसरा. वेबसाइट किंवा यादी बनवणाऱ्याने हे तिन्ही शोधात एकत्र धरले पाहिजेत. लिहिणाऱ्याने एकट्या ॲ ला चिकटून राहावं.

आता कृतिदेवकडे, म्हणजे युनिकोड न पाळणाऱ्या जुन्या फॉन्टांकडे. नागपुरात महाल, इतवारी, सीताबर्डीतल्या डीटीपीच्या कामात आणि कोर्टकचेरीच्या टायपिंगमध्ये कृतिदेव आणि श्री-लिपी मुरलेले आहेत. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल असं कितीतरी त्यात अडकलेलं आहे. अशा फाइलमध्ये मराठी मुळात नसतंच. कृतिदेवमध्ये 'नागपूर' लिहिलं की फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी सहा इंग्रजी अक्षरं बसतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी चित्रं चढवतो, एवढंच. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण इथे अक्षरशः लागू होते. वेदान्त्यांचा दोरीवरचा साप आठवतो: फॉन्ट हाच अंधूक उजेड, तो बदलला की साप जातो आणि दोरी उरते. ओळखायची रीतही तीच आहे. मजकूर निवडा, फॉन्ट मंगल किंवा नोटो असा युनिकोडचा करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर जुना फॉन्ट.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करताना चुका कुठे होतात, हे समजून घेतलं तर निम्मी मेहनत वाचते. टाइपरायटरच्या परंपरेत जे डावीकडे दिसतं ते आधी दाबायचं, म्हणून जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात, म्हणजे आधी व्यंजन, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन काढणं हे फॉन्टचं काम. 'व्यक्ती'ला पूर्वी ऱ्हस्व वेलांटीने 'व्यक्ति' लिहीत. त्यात वेलांटी आधी, मग अर्धा क, मग त असा क्रम होता. हलगर्जी रूपांतरक वेलांटीला एकच घर पुढे सरकवतो आणि 'व्यकि्त' जन्माला येतं. जोडाक्षर संपेपर्यंत तिला पुढे न्यायला हवं होतं.

रफाराचं उलट. जुन्या फॉन्टांत रफार अक्षर आणि त्याचा काना झाल्यावर सर्वात शेवटी टाकतात. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे आधी यायला हवा. त्याला जागचं न हलवता नुसता र आणि हलन्त करून टाकला की 'कार्यालय'चं 'कायार्लय' होतं, 'मर्यादा'ची 'मयार्दा'. म्हणून रूपांतर झाल्याबरोबर 'कायार्लय', 'मयार्दा', 'शकि्त', 'सि्थती' हे चार शब्द शोधून पाहावेत. एक जरी सापडला तर सगळा मजकूर संशयित धरावा आणि दुसरा रूपांतरक घ्यावा. हाताने दुरुस्त करत बसू नये, कारण अशी चूक नियमाने होते आणि सगळीकडे असते.

आणखी काही काळज्या. रूपांतरकाला फॉन्टचं नेमकं नाव क्रमांकासह सांगा. एकाच घराण्यातल्या फॉन्टांतही काही कळा वेगळ्या असतात. मजकुरात मधेमधे खरी इंग्रजी असेल, ई-मेलचा पत्ता असेल किंवा औषधाचं नाव असेल, तर तो भाग आधी बाजूला काढा, नाहीतर त्याचीही 'मराठी' होते. मूळ फाइल कधीही पुसू नका. शेवटी माणसांची आणि गावांची नावं मूळ छापील प्रतीशी डोळ्यांनी ताडून पाहा, त्यांना कोणताही शब्दकोश वाचवत नाही. फक्त पीडीएफ उरली असेल आणि तिच्यातून कॉपी केलं की शब्द विस्कटत असतील, तर त्या मजकुराशी झटापट करू नये. पीडीएफमध्ये फॉन्टची चित्रं असतात, त्यांच्यामागचे कोड असतीलच असं नाही. ३०० डीपीआयला प्रतिमा करून टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर वाचणाऱ्या कार्यक्रमाच्या मराठी माहितीसंचाने ती वाचवून घेणं जास्त विश्वासाचं.

एक अक्षर म्हणजे किती, या प्रश्नाकडेही थोडं थांबून बघण्यासारखं आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अशी बावीस अक्षरं असतात. तिथे 'विठ्ठल' तीन अक्षरांचा, 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचा, 'स्त्री' एका अक्षराची. मोजायचं ते स्वरांवरून. यंत्राच्या हिशेबात 'विठ्ठल' सहा कोडांचा, 'ज्ञानेश्वर' दहाचा आणि 'स्त्री'ही सहाची. कवितेची अक्षरं संगणकाला मोजायला सांगितली तर वृत्त चुकलं असाच निकाल येईल. युनिकोडच्या नियमांनाही बराच काळ 'क्ष' हे एक अक्षर वाटत नव्हतं. हलन्तापाशी ते दोन तुकडे मानत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर अखंड धरायचा नियम आला. आपल्या छंदशास्त्राला जे पूर्वीपासून उघड होतं, ते यंत्रापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागला. बॅकस्पेस मात्र अजूनही साधारणपणे एकेक कोड पुसतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे: लिहिणाऱ्याने तुकड्यातुकड्यांनी बांधलेलं अक्षर तुकड्यातुकड्यांनी उतरवता आलं पाहिजे.

या मोजणीचा खिशाशीही संबंध आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत मावतात म्हणून १६० येतात. देवनागरीचा प्रत्येक कोड सोळा बिट घेतो, म्हणून फक्त ७०. त्यापुढे गेलं की संदेश तुटतो आणि जोडणीची माहिती ठेवायला प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. एरवी पूर्ण इंग्रजी संदेशात एक देवनागरी अक्षर आलं तरी सगळा संदेश ७० च्या हिशेबात जातो. शाळा किंवा गृहसंस्थेतर्फे शेकडो जणांना संदेश पाठवायचे असतील तर मसुदा कोडांत मोजून घ्यावा. साठवणुकीतही असंच आहे. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइटांचा. 'कळमेश्वर' आठ कोडांचा, म्हणजे चोवीस बाइट. नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवला तर 'कळमेश्' झाल्यावर दोनच बाइट उरतात आणि व अर्धा कापला जाऊन तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो.

यादी अकारविल्हे लावतानाही ळ चकवतो. कोडांच्या क्रमात ळ लगेच ल नंतर आहे आणि व त्याच्याही पुढे. मराठी वर्णमालेत मात्र ळ ह च्या नंतर येतो. यंत्राने 'माळी' आधी आणि 'मावळे' नंतर लावलं तर ते कोडांवरून चाललं आहे असं समजावं. लिबरऑफिस कॅल्कमध्ये वर्गीकरणाच्या पर्यायांत भाषा मराठी निवडावी आणि याच जोडीवर खात्री करून घ्यावी.

ळ निघालाच आहे तर नागपुरातली त्याची कथा पुरती सांगायला हवी. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे शेजारीण म्हणून नव्हे, एका घरात नांदतात. त्यामुळे या एका अक्षराला इथे तीन जन्म आहेत. प्रमाण मराठीत ळ, हिंदीत ल, आणि वऱ्हाडीत य. बाजार कळमना, हिंदीत कलमना. तलाव फुटाळा, हिंदीत फुटाला. आणि घरातलं बोलणं ऐकाल तर डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं, काळ्याचा काया. एकाच गावात एकच शब्द तिघांनी तीन तऱ्हेने उच्चारला तरी कोणाचा गैरसमज होत नाही. शोधयंत्राचा मात्र होतो. गावाचं नावच घ्या: मराठीत शेवटून दुसरा उकार दीर्घ म्हणून 'नागपूर', हिंदीत 'नागपुर'. एका ऱ्हस्व-दीर्घाने दोन वेगळे शब्द होतात. पत्त्यांची यादी, दुकानाचं नाव, जुन्या बातम्या असं काहीही शोधताना नागपूर-नागपुर आणि कळमना-कलमना ही दोन्ही रूपं टाकावीत. यादी आपणच बनवत असू तर मराठी रूप मुख्य ठेवून दुसरं पर्यायी नाव म्हणून जोडावं.

फोनवर हे घडायचं मोठं कारण म्हणजे कळफलक हिंदीचाच ठेवलेला असतो. लिपी एकच, म्हणून चालून जातं असं वाटतं. पण सूचना-पट्टी हिंदी शब्दकोशातून येते, ती 'पानी' सुचवते आणि 'पाणी' लिहू पाहणाऱ्याचा ण हळूहळू सुटत जातो. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात भाषांच्या यादीत जाऊन मराठी कळफलक जोडायला फार वेळ लागत नाही. हिंदीही लागते म्हणून ती ठेवावी, पण वेगळी. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते.

बोलीचं काय करायचं हा प्रश्न जास्त नाजूक. 'येऊन राहिला', 'जेवून राहिलो' ही नागपुरी क्रियापदं मराठी सूचना-पट्टीला फारशी परिचयाची नसतात, आणि बोलून टाइप करताना आजीच्या तोंडचं 'केयं' यंत्र त्याला जवळच्या वाटणाऱ्या भलत्याच शब्दाकडे ओढतं. बातमी किंवा अर्ज लिहायचा असेल तर प्रमाण रूप लिहावं. संवाद, आठवणी, गावाकडची गाणी उतरवून घ्यायची असतील तर जसं कानावर पडलं तसंच लिहावं, 'केयं' तर 'केयं'. त्यासाठी जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी', मग 'पर्सनल डिक्शनरी', तिथे मराठी निवडून अधिकच्या चिन्हावर एकेक शब्द घालत जावा: डोया, काया, फयं, काहून. ध्वनिमुद्रण आधी करावं आणि मग ऐकत हाताने लिहावं. बोलून टाइप केलेला कच्चा मजकूर पुढे ठेवला तर डोळा त्यातल्या चुकीच्या शब्दालाच खरं मानायला लागतो. फाइलच्या नावात गाव आणि तालुका घालावा. उमरेडकडचं बोलणं आणि काटोलकडचं बोलणं एका कानाने ऐकून चालत नाही.